शास्त्रापुरतं

"शास्त्रापुरतं घे गो, एवढंसं." आजीचं हे वाक्य आठवलं की आधी तिचा हात दिसतो. पळी धरलेला, मनगटाशी सुरकुतलेला, हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सारलेला. पोट भरलंय म्हणून कोणी पानावरून उठू लागलं की ती पळीच्या टोकावर खीर घेऊन उभी. शेजारच्या वाडीतली कोणी सवाष्ण घाईत आली, तर ओटीत मूठभर तांदूळ पडायचेच, शास्त्रापुरते. बाबांना मधुमेह निघाला त्या वर्षी गणपतीत त्यांच्या पानात मोदकाची नुसती कळी खुडून ठेवली होती. तीही शास्त्रापुरतीच.

मी चिपळुणात शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवते, सव्वीस वर्षं झाली. माहेर गुहागरच्या बाजूला, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. नारळी-सुपारीचं आगर, पुढे खळं, मग पडवी, मग माजघर. त्या घरात हा शब्द मी इतका ऐकला की बरीच वर्षं त्याचा अर्थ 'थोडंसं' एवढाच असतो असं मला वाटत होतं. शास्त्र म्हणजे धर्माचा कायदा, ग्रंथांत लिहिलेला, मोडला तर प्रायश्चित्त सांगणारा, हे फार उशिरा कळलं. आणि कळलं तेव्हा प्रश्न पडला, की एवढ्या जड शब्दातून आपल्या बायकांनी 'एवढंसं' हा अर्थ काढला तरी कसा?

मूळ धातू 'शास्'. त्याचा अर्थ आज्ञा करणं, ताब्यात ठेवणं, आणि शिकवणंसुद्धा. शासन त्यातूनच आलं, अनुशासन त्यातूनच, आणि शिष्यही त्यातूनच. हे फळ्यावर लिहिलं की मुलं दरवर्षी चकित होतात. सरकार आणि शिष्य एकाच मुळाची दोन पानं! मराठीने तर हा शब्द पार सगळीकडे नेला. भौतिकशास्त्र, पाकशास्त्र, शास्त्रीय संगीत. लग्न शास्त्रोक्त लागतं आणि पोहणं शास्त्रशुद्ध शिकवतात. शास्त्री वेगळा, शास्त्रज्ञ वेगळा. आता तर मुलांच्या तोंडी "शास्त्र असतं ते" आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री जागायचं का? शास्त्र असतं ते. पावसात भजी का? शास्त्र असतं ते. माझ्या एका सहकारी शिक्षकांना याचा राग येतो, मला येत नाही. जे कारण न विचारता सगळे करतात त्याला ही मुलं शास्त्र म्हणतात, आणि रूढी शास्त्राहून बलवान असते हे तर आपल्या जुन्या पंडितांनीच म्हणून ठेवलंय: शास्त्रात् रूढिर्बलीयसी.

आजोबांच्या फडताळात लाल कापडात बांधलेला धर्मसिंधु हा धर्मनिर्णयाचा ग्रंथ असायचा, मराठी भाषांतरासकट. कोकणात अनेक जुन्या घरांत तो असतो, आणि त्याचं कारणही जवळचं आहे. तो लिहिणारे काशीनाथ उपाध्याय, म्हणजे बाबा पाध्ये, राहायचे पंढरपुरात, पण त्यांचं घराणं मूळचं आपल्या संगमेश्वराकडच्या गोळवलीचं. शके १७१२ मध्ये, म्हणजे १७९०-९१ च्या सुमाराला त्यांनी ग्रंथ पुरा केला. कवी मोरोपंत त्यांचे व्याही. मला त्या ग्रंथातला शेवटाकडचा मजकूर फार आवडतो. बाबा पाध्ये म्हणतात, की ज्यांना मीमांसा येते, ज्यांनी धर्मशास्त्र वाचलंय, जे आळशी नाहीत, त्यांचं काम आधीच्या ग्रंथांनी भागलेलं आहे, हा खटाटोप त्यांच्यासाठी नव्हे. ज्यांची बुद्धी मंद आहे, ज्यांना कंटाळा येतो, पण धर्माचा निर्णय कळावा अशी इच्छा आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलं. एवढा मोठा विद्वान साध्या माणसासाठी खाली बसून लिहितो! असा ग्रंथ लोकांना घाबरवायला कसा वापरता येईल?

आजी ब्याऐंशी वर्षांची असतानाची आषाढी एकादशी मी विसरणं शक्य नाही. मी तेव्हा कॉलेजात होते. चार दिवस पाऊस कोसळत होता, कौलांवरून पागोळ्या अशा लागल्या होत्या की खळ्यापलीकडचं आगर दिसत नव्हतं. आजीला ताप होता. आईने मऊ पेज केली, वर तुपाचा थेंब, आणि वाटी घेऊन खाटेशी बसली. आजीने तोंड भिंतीकडे वळवलं. "आज एकादशी आहे."

आजोबा उठले, फडताळातून लाल बासन काढलं, चष्मा पुसला, पान शोधलं. एकादशीचा उपास कोणाला सांगितलाय? आठ वर्षं पूर्ण झालेल्यापासून ऐंशी पूर्ण न झालेल्यापर्यंत. हे त्यांनी मोठ्याने वाचलं, कारण आजीला ऐकू कमी येत होतं. "अगो, ऐकलंस का? तुला ऐंशी होऊन गेली. तुला उपास नाहीच."

आम्हाला सगळ्यांना वाटलं, सुटलो. आजीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "ऐंशी झाली म्हणून विठोबाने माझं नाव काढलं काय?"

पडवीत कोणी बोलेना. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. आजोबांनी मात्र पुस्तक मिटलं नाही. पुन्हा दोन-चार पानं उलटली, मग पुस्तकात न बघताच एक श्लोक म्हटला. आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही: पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध. 'अष्टैतान्यव्रतघ्नानि' असा तो सुरू होतो. "औषधाने मोडत नाही," आजोबा म्हणाले. "तू उपास धर. पेज औषध म्हणून घे."

आजी बराच वेळ विचार करत पडली. मग आईला म्हणाली, "दोन चमचे दे. औषधापुरती." संध्याकाळी देवापाशी दिवा लागल्यावर वऱ्याच्या तांदळाचे चार दाणेही घेतले, उपासाचे म्हणून, शास्त्रापुरते. पेजही झाली, एकादशीही झाली, आणि आजोबांनी एक शब्द खोटा सांगितला नव्हता.

त्या दिवसापासून मी हा ग्रंथ वेगळ्या नजरेने बघते. त्यात पावलोपावली 'अशक्त असल्यास' आहे. मुख्य पक्ष जमला नाही तर गौण पक्ष, तोही नाही जमला तर आणखी खालचा. याला अनुकल्प म्हणतात. बायकांचं 'शास्त्रापुरतं' हे या अनुकल्पाचंच स्वयंपाकघरातलं रूप असावं असं माझं मत आहे. नियम टाकायचा नाही आणि त्याखाली माणूसही चिरडू द्यायचं नाही. आजीला अनुकल्प हा शब्द माहीत नव्हता, तिची त्यावाचून काही अडचण झाली नाही.

(जाता जाता, कंदमुळांनी उपास मोडत नाही हे ठीक, पण रताळं, बटाटा आणि ज्याच्यापासून साबुदाणा होतो तो कंद, हे तिन्ही अमेरिकेकडून आलेले. जुन्या ग्रंथकारांनी ते पाहिलेलेही नव्हते. तरी आज साबुदाण्यावाचून महाराष्ट्राचा उपास पुढे सरकत नाही. रूढी बलवान म्हणतात ती अशी.)

माझी एक मैत्रीण आहे, आमच्याच शाळेत, खाडीकाठच्या मोहल्ल्यातली. रमजानात आम्ही दोघी स्टाफरूमच्या खिडकीशी बसतो, ती रोजा असते म्हणून मी डबा बाहेर खाऊन येते. एकदा तिला मी 'शास्त्र'ची व्युत्पत्ती सांगत होते, तेव्हा तिने सांगितलं, की शरियत या शब्दाचा मूळ अर्थ पाणवठ्याकडे जाणारी वाट. माझ्या डोळ्यांपुढे आमच्या घरामागची पाखाडी आली. जांभ्याच्या पायऱ्या, कडेला शेवाळ, खाली विहीर. तहान लागलेल्या माणसाला न घसरता पाण्यापर्यंत नेणारी. आजारी आणि प्रवासी माणसाने रोजे तेव्हा सोडावेत आणि नंतर भरून काढावेत, हे कुराणातच सांगितलंय असंही ती म्हणाली. तिच्या आईला डायलिसिस सुरू झालं तेव्हा रोजे सोडायला लावताना घरात काय झालं तेही तिने सांगितलं, ते तिचं आहे, इथे लिहीत नाही. आमच्या आजीची गोष्ट मी तिला त्याच दिवशी सांगितली.

कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, अरबी व्यापाराच्या वाटेने किनाऱ्यावर रुजलेले. त्यांच्याकडे समुद्रातलं बहुतेक सगळं खाणं चालतं. देशावरचे मुसलमान बहुतेक हनफी, त्यांच्यात कुर्ली चालत नाही आणि कोळंबीवर वाद. अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, कोळंबीही खात नाहीत आणि मुशीही नाही, कारण खवले आणि पर असलेला मासाच त्यांना चालतो. हे लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली हे नाव दिलं. त्यांच्याकडे पिढ्यानपिढ्या ग्रंथ नव्हता. पुढे त्यांच्यात आलेल्या एका यहुदी विद्वानाने त्यांच्या बायकांपुढे मिश्र मासळी ठेवली आणि बायकांनी खवल्यांचे मासे अचूक वेगळे काढले, अशी कथा ते सांगतात. पुस्तक नाही, शास्त्र मात्र बायकांच्या बोटांत! हिब्रूत धर्माच्या कायद्याला हलाखा म्हणतात, तो शब्द चालण्याच्या क्रियापदावरून आलाय. म्हणजे तीही वाटच. एकाच किनाऱ्यावर, एकाच बाजारात, एकाच पाटीतल्या मासळीपुढे उभं राहून प्रत्येकाचं शास्त्र वेगळं, आणि मासे विकणाऱ्या बाईला ते सगळ्यांचं पाठ.

हे वेगळेपण आपल्या ग्रंथकारांनीही मानलेलं आहे. बौधायनाच्या धर्मसूत्रात दक्षिणेकडच्या लोकांच्या पाच चाली सांगितल्यात: मुंज न झालेल्याबरोबर जेवणं, बायकोबरोबर जेवणं, शिळं खाणं, मामाच्या मुलीशी आणि आत्याच्या मुलीशी लग्न करणं. उत्तरेकडच्यांच्याही पाच, त्यांत समुद्रप्रवास. ज्या देशाची चाल त्या देशात प्रमाण, दुसऱ्या देशात ती केली तर दोष. हे मत सगळ्यांना मान्य नव्हतं, त्यावर पुढे वाद झाले. पण दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचे म्हणवले जाणारे हे ग्रंथ आपसात भांडतात, एकमेकांची मतं खोडतात, 'काही जण असं म्हणतात' म्हणतात, हे ज्याने एकदा वाचलं त्याला 'शास्त्रात असं आहे' हे वाक्य सरळ गिळता येत नाही. कोणत्या शास्त्रात? कोणाच्या मते? कोणासाठी?

इंग्रजांच्या कोर्टातही हा प्रश्न यायचा. वारसाच्या दाव्यात मुंबई बेट, गुजरात आणि उत्तर कोकणात नीलकंठ भट्टाचा व्यवहारमयूख वरचढ, आणि आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात मिताक्षरा. एकाच किनाऱ्यावर उत्तरेला एक ग्रंथ, दक्षिणेला दुसरा! १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने त्यातलं बहुतेक संपवलं.

दरवर्षी सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन आम्ही परशुरामाला जातो. घाट चढून वर गेलं की खाली वाशिष्ठी वळण घेताना दिसते. तिथे मी मुलांना सांगते, की इथल्याच पेढे गावात ७ मे १८८० ला पांडुरंग वामन काणे जन्मले. दापोलीला शिकले, मुंबईत वकिली केली, आणि धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. पहिला खंड १९३० मध्ये आला, शेवटचा १९६२ मध्ये, मिळून साडेसहा हजारांवर पानं. १९६३ मध्ये भारतरत्न. मुलांना पानांचा आकडा आवडतो. मला आवडतं ते हे, की शास्त्र काय सांगतं हे त्यांनी कुठल्या काळी, कोणी, कशासाठी सांगितलं इथपर्यंत नेऊन ठेवलं. आमच्या गावापासून एसटीने दोन तासांवर असा माणूस जन्मला, तरी आमच्या भावकीत ग्रंथ न उघडता शास्त्र सांगितलं जातंच.

हे मी का लिहितेय, ते आता लिहिते.

बाबा गेले ते आषाढातच, चार वर्षांपूर्वी. आई आधीच गेलेली. मी एकटी मुलगी. सकाळी साडेसहाला गेले, दहापर्यंत भावकी जमली. पाऊस थांबत नव्हता, लाकडं कोरडी कुठे मिळतील याची धावपळ चालली होती. मी सहज म्हटलं, अग्नी मी देईन. खळ्यात घातलेल्या पत्र्याखाली भावकीतले एक काका बसले होते. त्यांनी मान न वळवता सांगितलं, "शास्त्रात बसत नाही. चुलतभाऊ देईल."

मी बोलले नाही. तोवर बावीस वर्षं मुलांना 'शास्' धातू शिकवलेली मी, त्या एका शब्दापुढे गप्प झाले. बाबांना नेताना मी पडवीच्या खांबाला धरून उभी होते. चौघांच्या डोक्यावर प्लास्टिकचे कागद होते आणि बाबांच्या अंगावरच्या पांढऱ्या कापडावर पाणी पडत होतं, ते कोणीतरी हाताने निथळवत होतं. पाखाडीच्या वळणावर ते दिसेनासे झाले. मला त्या वळणापुढे जाता आलं नाही.

आठव्या दिवशी मी लाल बासन सोडलं. धर्मसिंधूच्या तिसऱ्या परिच्छेदाचा, म्हणजे प्रकरणाचा, उत्तरार्ध. श्राद्धाचा आणि उत्तरक्रियेचा अधिकार कोणाला, याचा क्रम तिथे लावलेला आहे. मुलगा. तो नसेल तर नातू, मग पणतू. पुढे पत्नी. आणि मग मुलगी. भाऊ आणि पुतणे त्यानंतर. माणूस एकत्र कुटुंबात होता की वाटणी होऊन वेगळा झाला होता, यावर क्रम बदलतो, इतका बारीक विचार आहे. आमच्या वाटण्या मी जन्मायच्या आधीच झालेल्या. म्हणजे ज्याला शास्त्रात बसत नाही म्हणाले, ते शास्त्रात बसत होतं. चुलतभावाच्या आधी माझं नाव होतं. पानाच्या कडेला आजोबांची पेन्सिलची बारीक खूण होती. त्यांनी ती कधी आणि का केली असेल कोण जाणे, पण त्यांना एकच मुलगा आणि त्या मुलाला एकच मुलगी, एवढं त्यांना ठाऊक होतं.

मी त्या पानावर डोकं ठेवून रडले. राग होता, पण नुसता राग नव्हता. अग्नी द्यायला ग्रंथाची परवानगी हवी असंही मला वाटत नाही. बाबा माझे होते, एवढं पुरे होतं. पण माझ्याच घरातल्या पुस्तकाने माझी बाजू घेतली होती आणि मी ते आठ दिवस उशिरा उघडलं, हे मला अजून लागतं.

गुरुजींना फोन केला. तरुण आहेत, गुहागरहून येतात. मी पान वाचून दाखवू लागले तर म्हणाले, "ताई, मला ठाऊक आहे. तुम्ही त्या दिवशी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मला कोणी विचारलं नाही." दहाव्यापासून पुढचं सगळं मी केलं.

वर्षश्राद्धाला काकांना आमंत्रण दिलं. येतील असं वाटलं नव्हतं, पण आले. ओली छत्री पडवीच्या कोपऱ्यात उभी केली, पाय धुतले, पाटावर बसले. पिंड मी दिले ते त्यांनी पाहिलं. बोलले काहीच नाहीत. जेवणात वड्यांबरोबर खीर होती, आजी करायची तशी, नारळाच्या रसातली. मी वाढत त्यांच्यापर्यंत आले तेव्हा त्यांनी वाटीवर हात आडवा धरला.

"शास्त्रापुरती वाढ," म्हणाले. "साखर निघाली आहे मलाही."

मी पळीच्या टोकावर एवढीशी घेतली आणि वाढली.